सालुइतचं तिकीट इतकं महाग का, आणि विमान वेळेवर का येत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पत्नीला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, अगदी उत्तर टोकाला असलेल्या सालुइत गावी परिचारिकेची नोकरी मिळते आहे. मॉंट्रियल ते सालुइत परतीचं तिकीट टोरंटो–मुंबईपेक्षा महाग दिसतंय. तिथे राहून आलेले सांगतात की कधीकधी तीन-तीन दिवस विमानच येत नाही. त्यात एअर इनुइट ही विमानकंपनी तिथल्या मूळनिवासी इनुइट लोकांच्याच मालकीची. मग आपल्याच माणसांची ही लूट कशासाठी, दुसरी कंपनी का येत नाही, आणि अशा सेवेच्या भरवशावर तिथे जाऊन राहावं का?

मी मूळचा नाशिकचा, मॉंट्रियलला स्थायिक. उत्तरेकडच्या उड्डाणांचं नियोजन आणि वजनाचा हिशेब हेच माझं बरीच वर्षं काम होतं, म्हणून जरा लांबून सांगतो. तुमच्या एका प्रश्नात पैसे, भरवसा आणि सुरक्षितता असे तीन प्रश्न गुंतले आहेत, आणि त्यांची उत्तरं एकमेकांना छेद देतात. विमान जितकं सुरक्षित ठेवायचं तितकं ते जास्त वेळा रद्द होणार, आणि तरीही गावाला पुरवठा चालू ठेवायचा तर खर्च वाढणार. बऱ्याच गोष्टी गाव कोणतं, महिना कोणता आणि नोकरीचा करार काय म्हणतो यावर अवलंबून आहेत. तिथे तिथे तसं सांगेन.

आधी भूगोल. सालुइत नुनाविकमध्ये येतं. नुनाविक म्हणजे क्वेबेकचा ५५ अक्षांशाच्या उत्तरेचा भाग. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दीडपट, लोकसंख्या सुमारे १४,०००. ही माणसं १४ गावांत राहतात आणि ती गावं हडसन उपसागर, हडसन सामुद्रधुनी आणि उंगावा उपसागर यांच्या काठाकाठाने विखुरलेली आहेत. कूजुआक सर्वांत मोठं, तिथे २,७०० च्या आसपास वस्ती. अउपालुकमध्ये जेमतेम सव्वादोनशे. दक्षिणेकडून इथवर एकही रस्ता येत नाही, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायलाही रस्ता नाही. जहाज येतं ते समुद्रावरचा बर्फ हटल्यावर, जूनच्या अखेरीपासून शरद ऋतू संपेपर्यंत. मॉंट्रियल ते सालुइत सरळ अंतर सुमारे १,८५० किमी, म्हणजे मुंबई–कोलकात्याहून जास्त. सिंधुदुर्गात चिपीचं विमान रद्द झालं तर कोकणकन्या आहे, एसटी आहे, निदान कुणाची तरी गाडी मिळते. सालुइतला विमान आलं नाही तर त्या दिवशी बाहेरून काहीच येत नाही.

त्यामुळे त्या विमानाला नुसतं प्रवासी विमान समजून चालत नाही. उत्तरेत ‘कॉम्बी’ नावाचा प्रकार वापरतात: पुढच्या भागात माल, मागे प्रवासी, आणि मधली भिंत गरजेप्रमाणे पुढे-मागे सरकवायची. एकाच फेरीत दूध, भाजी, टपाल, जनरेटरचा सुटा भाग, प्रयोगशाळेत जाणारे रक्ताचे नमुने, तपासणीहून परतणारी आजी आणि बास्केटबॉलच्या स्पर्धेला निघालेली शाळेची मुलं असतात. आज किती जागा विकायच्या हे ठरवताना किती माल अडकून पडलाय ते बघावंच लागतं. तुमच्या तिकिटात त्या दुधाच्या प्रवासाचा वाटा आहे आणि दुधाच्या किमतीत तुमच्या जागेचा. शिवाय उत्तरेकडे जाताना विमान भरलेलं असतं आणि दक्षिणेला येताना मालाचा भाग बहुतेक रिकामा. जातानाच्या भाड्यातून दोन्ही बाजूंचा खर्च निघाला पाहिजे. किमतीचं हे सर्वांत मोठं कारण, आणि बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही.

आता वजनाचा हिशेब, कारण सगळ्यांत जास्त भांडणं इथेच होतात. विमानात रिकाम्या खुर्च्या दिसत असूनही ‘फुल’ सांगितलं, किंवा माणूस चढला आणि बॅगा मागे राहिल्या, अशा तक्रारी तुम्ही ऐकाल. घडतं ते असं. नुनाविकमधल्या बहुतेक गावांच्या धावपट्ट्या खडीच्या आहेत आणि लांबी हजार-अकराशे मीटरच्या घरात. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, यावरून अंदाज घ्या. अशा छोट्या पट्टीवर उतरताना आणि उडताना विमान किती जड असू शकतं याला मर्यादा येते, आणि पट्टीवर बर्फ असला की ती मर्यादा आणखी खाली येते. पट्टीची पकड मोजून तिचा आकडा कळवला जातो आणि त्यावरून आम्ही वजन ठरवतो.

त्यात इंधनाची भर. इच्छित गावी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं आणि वर राखीव असं इंधन घेऊनच निघावं लागतं. दक्षिणेत पर्यायी विमानतळ वीस मिनिटांवर असतो. उत्तरेत हवा बिघडते तेव्हा शेजारच्या दोन-तीन गावांत एकदमच बिघडते, त्यामुळे खरोखर उघडा असेल असा विमानतळ तासाभरावर शोधावा लागतो. डॅश ८-३०० सारख्या पन्नासेक आसनांच्या टर्बोप्रॉप विमानाला तासाला साधारण चार-पाचशे किलो इंधन लागतं. म्हणजे तेवढं जादा इंधन भरलं की चार-पाच माणसं सामानासकट कमी झाली. हिवाळ्यात माणूस बुटांसकट, जाड पार्का (टोपी असलेला हिवाळी कोट) घालून चढतो, म्हणून कॅनडात प्रवाशाचं प्रमाण वजनही उन्हाळ्याचं वेगळं आणि हिवाळ्याचं वेगळं धरतात. खिडकीवरच्या मुलीला ही यादी बदलता येत नाही. तिच्यावर ओरडणारे पाहिले की मला वाईट वाटायचं, कारण तो आकडा आमच्या टेबलावरून गेलेला असायचा, आणि ओरडणाऱ्याचंही चूक नसायचं. त्याच्या आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी असायचं.

मग हवामान. लोक समजतात उणे चाळीस तापमानामुळे विमान अडतं. कोरडी, स्वच्छ थंडी विमानाला फारशी अडवत नाही. दाट हवेत पंख आणि इंजिन उलट चांगलं काम करतात. खबरदाऱ्या असतात. उदाहरणार्थ, कडाक्याच्या थंडीत उंचीमापक खरी उंची असते त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून उतरण्याच्या प्रक्रियेतल्या उंचींमध्ये दुरुस्ती जोडावी लागते. पण रद्द करायला लावतात ते ढग, धुकं आणि वारा. ऑक्टोबर ते डिसेंबर हडसन उपसागर अजून गोठलेला नसतो. त्या उघड्या पाण्यावरून थंड वारा आला की किनाऱ्यावर खालचे ढग आणि हिमवर्षाव दिवसेंदिवस बसून राहतात. उपसागर एकदा गोठला की तो स्रोत बंद होतो आणि फेब्रुवारी ते एप्रिल आकाश बरंच मोकळं असतं. मधूनमधून हिमवादळं येतात, पण ती येतात आणि जातात. जून-जुलैत पुन्हा थंड पाण्यावर उबदार हवा आली की धुकं. तेव्हा ‘तीन दिवस विमान नाही’ हे खरं आहे, पण वर्षभर सारखं खरं नाही.

सालुइतची आणखी एक गोष्ट आहे. गाव खाली फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत आहे आणि विमानतळ वर पठारावर, समुद्रसपाटीपासून दोनशेहून जास्त मीटर उंचीवर. खाली घराच्या खिडकीतून लख्ख दिसत असतं आणि वर धावपट्टी ढगात असते. गावातला माणूस फोन करून म्हणतो, इथे तर काहीच नाही, तुम्ही रद्द का केलंत? दोघांचंही खरं असतं. यासाठीच त्या विमानतळांवर गावातलीच प्रशिक्षित माणसं बसतात. ती प्रत्यक्ष बाहेर बघून ढगांची उंची, दृश्यता, पट्टीची अवस्था रेडिओवरून सांगतात. या गावांत नियंत्रण मनोरा नसतो. उपग्रहाचं चित्र आणि संगणकाचा अंदाज माझ्यासमोर असायचाच, पण शेवटचा निर्णय घेताना मी जास्त मानायचो ते त्या माणसाचं वाक्य. लहानपणापासून ती हवा पाहिलेली असते त्याने.

तुमचा पुढचा मुद्दा: मोठं जेट का लावत नाहीत, म्हणजे एका फेरीत जास्त माणसं आणि तिकीट स्वस्त? खडीमुळे. उत्तर कॅनडात वर्षानुवर्षं बोइंग ७३७-२०० चालली, कारण तिला खडीवर उतरण्यासाठी खास साहित्य बसवता यायचं: पुढच्या चाकामागे दगड अडवणारा पत्रा, आणि इंजिनाच्या तोंडापुढे हवेचा झोत सोडणाऱ्या नळ्या, म्हणजे जमिनीवरून दगड आत ओढले जात नाहीत. ते मॉडेल १९८८ मध्ये बंद झालं. नंतरच्या ७३७ ची इंजिनं मोठी आणि जमिनीला इतकी जवळ असतात की खडीवर ती चालवता येत नाहीत. एअर इनुइटने अलीकडे ७३७-८०० घेतली आहेत, पण ती पक्क्या धावपट्टीपुरती. कूजुआकला तशी धावपट्टी आहे आणि तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई तळापासून झाली. पुढे छोट्या गावांना डॅश ८ आणि ट्विन ऑटर. ट्विन ऑटर पहिल्यांदा उडालं १९६५ मध्ये, जागा १९, आणि आजही जिथे पट्टी अगदी आखूड आहे तिथे त्याला पर्याय सापडलेला नाही. म्हणजे जिथे माणसं कमी तिथे विमान लहान, आणि लहान विमानात दर आसनी खर्च जास्त. सालुइतच्या प्रवाशाला हा खर्च चुकवता येत नाही.

इंधनही स्वस्त नाही. गावातल्या टाक्यांमधलं विमानाचं इंधन उन्हाळ्यात जहाजाने आलेलं असतं आणि तेच पुढचं जहाज येईपर्यंत पुरवायचं. हँगर गरम ठेवायचा, इंजिनं गरम ठेवायची, अडकलेल्या कर्मचाऱ्यांना गावात मुक्कामाची सोय द्यायची, आणि एखादं विमान बिघडलं तर दुसरं हाताशी असावं लागतं, कारण त्या गावाला थांबायला सांगता येत नाही. हा सगळा स्थिर खर्च वाटून घ्यायला माणसं किती? चौदा हजार.

म्हणूनच ‘दुसरी कंपनी आली की भाव उतरतील’ हे इथे तितकंसं लागू पडत नाही. शेजारच्या नुनावुत या वेगळ्या प्रदेशाचं उदाहरण घ्या. तिथल्या २५ वस्त्याही रस्त्याने जोडलेल्या नाहीत. तिथे फर्स्ट एअर आणि कॅनेडियन नॉर्थ या दोन कंपन्या, दोन्ही इनुइट संस्थांच्या मालकीच्या, त्याच मार्गांवर समोरासमोर उडत होत्या. २०१९ मध्ये त्या एक झाल्या. केंद्र सरकारने परवानगी देताना अटी घातल्या, त्यात भाडेवाढीवर मर्यादाही होती. कंपन्यांमधल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने आधीच धोक्याची सूचना दिली होती की यामुळे मक्तेदारी तयार होईल. त्या खात्याचा मुद्दा बरोबर होता आणि कंपन्यांचाही: दोन अर्धी रिकामी विमानं उडवण्याचा खर्चही शेवटी त्याच प्रवाशांच्या खिशातून निघत होता. २०२५ मध्ये एक्स्चेंज इन्कम कॉर्पोरेशन या दक्षिणेतल्या कंपनीने कॅनेडियन नॉर्थ विकत घेतली. त्याने भाडी कमी होतील असं मला वाटत नाही, पण निर्णय आता इनुइट संस्थांच्या हातात राहिला नाही, हे मला खटकतं.

आता मालकीबद्दल. एअर इनुइट जन्मली १९७८ मध्ये, एका छोट्या बीव्हर विमानावर. त्याआधी १९७५ मध्ये जेम्स बेच्या जलविद्युत प्रकल्पावरून इनुइट, क्री (तिथलेच दुसरे मूळनिवासी) आणि सरकारं यांच्यात मोठा करार झाला होता. त्यातून मिळालेल्या भरपाईचा सांभाळ करायला मकिविक ही संस्था उभी राहिली, आणि नुनाविकचे इनुइट तिचे सभासद आहेत. विमानकंपनी तिच्या मालकीची. भरपाईचा पैसा वाटून न टाकता विमानं घेण्यात घालावा, हा निर्णय मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. कूजुआकचे जॉनी मे हे पूर्व आर्क्टिकमधले पहिले इनुइट वैमानिक मानले जातात. १९६५ पासून दर नाताळात ते आपल्या विमानातून गावावर खाऊच्या गोळ्या आणि भेटवस्तू टाकत आले. विमान म्हणजे बाहेरच्यांनी आणलेली वस्तू अशी भावना तिथे नाही. पण मालकी आपली असली तरी गुरुत्वाकर्षण, खडी आणि इंधनाचे भाव तेच राहतात. भाडी परवडत नाहीत ही तक्रार इनुइट लोक स्वतः करतात, मोठ्याने करतात आणि ती योग्य आहे. करारातल्या लाभार्थींसाठी सवलतीचे दर असतात, प्रादेशिक सरकारची मदत असते, आणि केंद्राची २०११ पासूनची ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजना खाद्यपदार्थांच्या मालवाहतुकीला अनुदान देते. तरीही दुकानातली किंमत बघून नवा माणूस हबकतो.

माझं मत विचाराल तर विमानकंपनीला दोष देण्याआधी एक गोष्ट बघा. दक्षिणेत गावाला महामार्ग मिळतो तो करांतून, त्याचा खर्च कुणी प्रत्येक फेरीला प्रवाशाकडून वसूल करत नाही. उत्तरेत धावपट्टी हाच महामार्ग आहे आणि विमान हीच त्यावरची गाडी, पण ती चालवायचा खर्च मात्र तिकीट काढणाऱ्यावर टाकला जातो. आपल्याकडे २०१६ मध्ये आलेल्या ‘उडान’ योजनेत सरकार तोटा भरून देतं आणि भाड्याला कमाल मर्यादा घालतं. त्या योजनेच्या अडचणी आहेत, पण तत्त्व बरोबर आहे. नुनाविकला ते जास्त लागू आहे, कारण तिथे दुसरा मार्गच नाही.

सुरक्षिततेचं सरळ उत्तर देतो. जोखीम शून्य नाही. २० ऑगस्ट २०११ रोजी फर्स्ट एअरचं ७३७-२०० रेझोल्यूट बे इथे ढगांमधून उतरताना मार्गापासून ढळलं आणि धावपट्टीच्या पूर्वेकडच्या टेकडीवर आदळलं. १५ पैकी १२ जण गेले. तिथे चुंबकीय ध्रुवाच्या जवळिकीमुळे होकायंत्र भरवशाचं नसतं, दिशा खऱ्या उत्तरेवरून धरावी लागते. दिशेतली चूक, स्वयंचलन यंत्रणेची बदललेली अवस्था आणि कॉकपिटमधल्या दोघांचं एकमेकांशी न जुळलेलं बोलणं या सगळ्याची साखळी तपासात पुढे आली. उतरणं सोडून वर जायला हवं होतं, हे त्या साखळीत वेळेत घडलं नाही. त्या अपघातानंतर उत्तरेत काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: परत फिरलेल्या वैमानिकाला कुणीही, कधीही ‘का फिरलास’ असं टोचून विचारायचं नाही. म्हणून तुमच्या पत्नीचं विमान सालुइतवर घिरट्या घालून हडसन उपसागराकाठच्या पुविर्नितुक गावी परत गेलं, तर त्या रात्रीचा त्रास मोठा असेल, पण त्या कंपनीवरचा माझा विश्वास त्याने वाढेल.

एवढं सांगून झाल्यावर तुमच्या उपयोगाचं. सही करण्याआधी करारात दोन कलमं शोधा: वर्षातून किती परतीच्या फेऱ्या मालक देतो, आणि खाद्यपदार्थांच्या वाहतुकीचा खर्च देतो का. उत्तरेतल्या आरोग्यसेवेच्या नोकऱ्यांमध्ये ही तरतूद बहुधा असते, आणि असेल तर जे भाडं पाहून तुम्ही घाबरलात त्यातलं बरंचसं तुमच्या खिशातून जाणारच नाही. जादा फेऱ्या तुम्ही स्वतः भरणार असाल तर मात्र गणित बदलतं. दर दोन महिन्यांनी भेटायचं ठरवत असाल तर ही नोकरी परवडणार नाही.

सालुइतहून मॉंट्रियलला पोहोचाल त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचा बेत कधीही करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हींच्या दरम्यान एक रात्र ठेवा, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दोन, आणि घरचं लग्न किंवा आजारपण असेल तर त्याहून जास्त. मुंबईचं तिकीट तारीख बदलता येणारं काढा. हातातल्या बॅगेत आठवड्याची औषधं, कागदपत्रं, एक जोडी कपडे असू द्या, कारण मोठी बॅग पुढच्या फेरीने येऊ शकते. हिवाळ्यात पार्का आणि बूट बॅगेत न भरता अंगावर घाला. मधल्या गावी मुक्काम पडला तर ते तिथेच लागतात. थांबावं लागलं की आधी विमानतळावरच्या माणसाशी दोन शब्द बोला. अडकलेल्यांची सोय करणं तिथे लोकांच्या अंगवळणी पडलंय, आणि शेजारची बाई घरी जेवायला बोलावेल तर पत्नीने संकोच करू नये.

आणि जहाज विसरू नका. तांदूळ, तूरडाळ, गव्हाचं पीठ, तेल, मसाले यांची वर्षाची यादी करून उन्हाळी जहाजाने मागवा. त्यासाठी नाव नोंदवायची आणि माल बंदरात पोहोचवायची मुदत जहाज सुटण्याच्या बरीच आधी संपते. या गावांना मोठे धक्के नसतात, जहाज बाहेर नांगर टाकतं आणि तराफ्यावरून भरतीच्या वेळी माल किनाऱ्यावर येतो, म्हणून खोकी मजबूत आणि पाण्यापासून जपलेली हवीत. विमानाने न्यायचं ते फक्त नाशवंत आणि तातडीचं.

नोकरी कोणत्या महिन्यात सुरू होते आहे ते लिहा. ऑगस्टच्या आधी असेल तर पहिल्याच खेपेला जहाज गाठता येईल. नोव्हेंबरमध्ये असेल तर सामानाची यादी आणि मॉंट्रियलचा मुक्काम दोन्ही वेगळ्या पद्धतीने आखावे लागतील.